चित्राची भाषा घराघरांत यायला हवी

गाण्याच्या मैफलीत बसलेल्या मराठी माणसाला समेची जाण असते. तो स्वतः गाणे शिकलेला असतोच असे नाही. पण गायक आवर्तन पूर्ण करून समेवर आला की त्याची मान आपोआप हलते आणि दाद नेमक्या ठिकाणी जाते. आलाप, तान, मींड, बंदिश, कोमल गंधार हे शब्द त्याच्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असतात. हाच रसिक चित्रप्रदर्शनात गेला की अबोल होतो. चित्रासमोर क्षणभर थबकतो, ‘छान आहे’ किंवा ‘अगदी फोटोसारखे’ एवढे म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. त्याला सौंदर्यदृष्टी नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्यापाशी शब्द नाहीत, एवढेच खरे आहे.

रसिकाचे हे शब्ददारिद्र्य फार तर त्याच्या आनंदात थोडी उणीव ठेवते. पण गुरूवाचून, कलाशाळेवाचून, केवळ आवडीच्या बळावर ब्रश हाती घेणाऱ्याला त्याची मोठी किंमत मोजावी लागते. अशी माणसे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. कोणी निवृत्तीनंतर रंगपेटी आणलेली असते, कोणी संसार सांभाळून दुपारचा तासभर कागदापुढे बसते, कोणा विद्यार्थ्याने इंटरमीजिएटची परीक्षा देऊन पुढे अभियांत्रिकीची वाट धरली तरी हातातली पेन्सिल सोडलेली नसते. या सर्वांची अडचण एकच असते. काहीतरी चुकते आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसते, पण काय चुकते आहे हे सांगता येत नाही. आणि ज्या चुकीला नाव नाही, ती दुरुस्त करणे फार कठीण असते.

नाव मिळाले की डोळा उघडतो

एक साधे उदाहरण घ्यावे. नवशिक्या चित्रकार टेबलावर आंबा ठेवून त्याचे चित्र काढतो. रंग हुबेहूब जुळतो, तरी आंबा गोल दिसत नाही. कागदावर चिकटवलेल्या पिवळ्या तुकड्यासारखा वाटतो. त्याला वाटते, आपल्याकडचे रंग कमी पडले. तो दुकानातून आणखी चार नळ्या घेऊन येतो. प्रत्यक्षात उणीव रंगाची नसते, उजळ-गडदपणाची असते. चित्रकार याला ‘टोन’ म्हणतात. ग्रंथांतून ‘रंगमूल्य’ असा शब्द आढळतो. रंगाचे तीन गुण वेगवेगळे मोजावे लागतात. तो पिवळा की तांबडा हा एक, उजळ की गडद हा दुसरा आणि तेजस्वी की मंद हा तिसरा. अमेरिकन चित्रकार-शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने 1905 मध्ये याच तीन गुणांवर रंगांची मोजणी बसवून दाखवली. मराठीत मात्र या तिन्हींना आपण सरसकट ‘छटा’ म्हणतो. शब्द एक आणि अर्थ तीन, मग शिकणाऱ्याचा गोंधळ व्हावा यात नवल ते काय? उजळ-गडदपणा ही स्वतंत्र वस्तू आहे हे एकदा कळले, की तो डोळे किलकिले करून आंब्याकडे पाहू लागतो आणि आजवर न दिसलेली सावली त्याला दिसते. आंबा तोच असतो, पाहणारा बदललेला असतो.

तैलरंगाचा नियम तर याहून बोलका आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा थर अधिक तेलाचा, असा क्रम पाळावा लागतो. तो उलटला, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि चित्राला भेगा पडतात. ज्याला हे कोणी सांगितले नाही, त्याचे चित्र पहिल्या वर्षी उत्तम दिसते आणि काही वर्षांनी तडकते. चूक झाली तेव्हा कळली नाही आणि कळली तेव्हा कारण सापडले नाही, असा हा दुहेरी तोटा आहे. रंगाच्या नळीवरची बारीक अक्षरेही अशीच. ‘कॅडमियम रेड ह्यू’ असे लिहिलेल्या नळीत साधारणतः कॅडमियम नसते. त्या रंगाशी मिळतेजुळते दुसरे स्वस्त रंगद्रव्य असते. ‘पीबी 29’ या खुणेचा अर्थ अल्ट्रामरीन निळा. अशा दहा-वीस खुणा माहीत असल्या, तर मध्यमवर्गीय माणसाचे पैसे वाचतात आणि त्याचा रंग पुढे फिका पडत नाही.

परिभाषा ही पंडितांची चैन आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. परिभाषा हे हत्यार आहे, सुताराच्या रंध्याइतके रोजच्या वापराचे.

बंद दारे आणि उघडी कार्यशाळा

राजा रविवर्मा याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे; पण त्यातला बोध सहसा कोणी घेत नाही. 1848 मध्ये किळिमानूर येथे जन्मलेल्या या मुलाला रेखाटनाचे पहिले धडे मामा राजराज वर्मा यांनी दिले. चौदाव्या वर्षी तो तिरुवनंतपुरमला त्रावणकोरच्या राजाश्रयात आला. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. त्याच्या चरित्रांतून सांगितले जाते की, ते तंत्र अवगत असलेल्या रामस्वामी नायकर यांनी ते या मुलाला शिकवण्यास नकार दिला. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवले नाही. काम करताना पाहण्याची मुभा तेवढी दिली. बाकी सारे रविवर्म्याने पाहून, करून, चुकून आणि पुसून मिळवले. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, व्हिएन्नातही गौरव झाला. पुढे मुंबईत त्याने 1894 मध्ये छापखाना काढला, तो कालांतराने लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतीवर विराजमान झाली.

ही कथा आपण प्रतिभेचा विजय म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण तिच्यात एक लाजिरवाणी गोष्टही आहे. ज्ञान दारापर्यंत आलेले होते आणि दार बंद होते. स्वकीयानेही ते बंद ठेवले, परकीयानेही. रविवर्म्याच्या अंगी दार ढकलण्याचे बळ होते, शिवाय राजाश्रयही होता. ज्यांच्यापाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या, असे किती हात त्याच दारापाशी थांबले असतील, याची नोंद इतिहासात सापडणार नाही. ‘खरा कलावंत कसाही वर येतोच’ हे वाक्य म्हणूनच फार फसवे आहे. जे वर आले, त्यांच्याकडे पाहूनच ते उच्चारले जाते.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेही कलाशाळेत गेले नाहीत. 1890 मध्ये कारागिराच्या घरात जन्मलेल्या बाबूराव मेस्त्रींनी चुलतभाऊ आनंदराव यांच्या जोडीने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि त्या कामात असे नाव मिळवले की ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. आनंदराव 1916 मध्ये गेले. चित्रपटाचे दोघांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले. स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांना पदविका नव्हती. पण लाकूड, धातू आणि रंग यांविषयीचे बोलणे ज्या घरात रोज चालते, ते घर त्यांना लाभले होते. भव्य पडद्यावर महालाचे खांब दूर जाताना लहान कसे होतात, हे यथार्थदर्शन पडदा रंगवणाऱ्याला कामातच शिकावे लागते. चूक झाली तर शेजारी उभा असलेला भाऊ ती दाखवतो. स्वयंशिक्षित माणूस एकटा असलाच पाहिजे असे मुळीच नाही. त्याला बोलणारे, दाखवणारे, टोकणारे सोबती मिळाले की शाळेची उणीव पुष्कळ अंशी भरून निघते.

वारसा पाठांतराचा की वापराचा?

येथे कोणी अभिमानाने म्हणेल की, परिभाषा आपल्याला नवी नाही. हे अगदी खरे आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायांकनाचे, म्हणजे ‘वर्तने’चे, तीन प्रकार दिले आहेत, त्यांतला ‘पत्रज’ हा पानाच्या शिरांसारख्या रेषांनी आणि ‘बिंदुज’ हा ठिपक्यांनी साधायचा. अवयव समोरून वळला की तो लहान-मोठा कसा दिसतो, यासाठी तेथे ‘क्षय’ आणि ‘वृद्धी’ हे शब्द आहेत. दुबळी रेषा, जाड रेषा आणि रंगांचा संकर हे चित्राचे दोष म्हणून सांगितले आहेत. नवशिक्याच्या कागदावर आजही नेमके हेच दोष दिसतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लासा’त तर भिंतीला द्यायचा ‘वज्रलेप’ म्हशीच्या कातड्यापासून कसा शिजवावा, इथपर्यंत कृती आहे. राजाने ग्रंथ लिहावा आणि त्यात सरस शिजवण्याची कृती द्यावी, यातच त्या काळातील ज्ञानदृष्टीचे मोठेपण आहे.

मात्र या वारशाचे आपण काय केले? षडंगांची नावे भाषणात घेतली, टाळ्या मिळवल्या आणि ग्रंथ कपाटात ठेवला. चित्रसूत्र आधुनिक अभ्यासकांपर्यंत पोहोचले त्यात स्टेला क्रामरिश या परदेशी विदुषीने 1924 मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराचा वाटा मोठा आहे, हेही विसरता कामा नये. ‘वर्तना’ हा शब्द ज्याला पाठ आहे, पण ज्याने कधी पेन्सिलीने एका चेंडूला गोलाई दिली नाही, त्याच्यापाशी वारसा नाही. त्याची यादी आहे. शब्दाला हाताची जोड मिळाली, तरच तो जिवंत राहतो.

त्याचबरोबर शब्द कोठून आला, याचा बाऊ करण्याचे कारण नाही. ‘वॉश’, ‘टोन’, ‘हायलाइट’ हे शब्द मराठी चित्रकारांच्या बोलण्यात केव्हाच मुरले आहेत. ते राहू द्यावेत. चित्रकलेच्या शालेय परीक्षांनी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती असे नेटके मराठी शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुजवले, तेही जपावेत. जुना संस्कृत शब्द नेमका बसत असेल, तर तो उचलावा. कसोटी एकच असावी: शब्द ऐकताच डोळ्याला काय पाहायचे आणि हाताला काय करायचे, हे कळते का?

संगीतात झाले, ते चित्रात का नाही?

मैफलीतल्या श्रोत्याला समेची जाण आली, ती आपोआप आलेली नाही. घराण्यांच्या चार भिंतींत जपलेली, कधी लपवलेली विद्या बाहेर आणण्यासाठी पंडित विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडले, उस्तादांच्या बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बसवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य घरातल्या मुलामुलींना संगीताची दारे उघडली. या दोन विष्णूंच्या कामाला विरोध झालाच. स्वरलिपीने गाणे यांत्रिक होईल, असे तेव्हाही म्हटले गेले. गाणे यांत्रिक झाले नाही. ऐकणारे आणि शिकणारे मात्र वाढले. परिभाषेने चित्रातली उत्स्फूर्तता मरेल, असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

चित्रकलेत असे काम मराठीत व्हायला हवे आणि त्यासाठी कोणा महापुरुषाची वाट पाहायला नको. आज यूट्यूबवर हवे ते तंत्र दिसते, हे मान्य. पण पडदा दाखवतो. तो आपले चित्र पाहत नाही आणि टोकतही नाही. ते काम माणसांनीच करायचे आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत एखादे निवृत्त चित्रकला शिक्षक असतातच. त्यांच्याकडे आयुष्यभराचे शब्द आहेत आणि ते ऐकायला कोणी नाही. महिन्यातून एक संध्याकाळ शाळेचा वर्ग किंवा मंदिराचा सभामंडप मिळाला, परिसरातल्या हौशी चित्रकारांनी आपापली चित्रे भिंतीला टेकवून ठेवली आणि सरांनी प्रत्येक चित्रापुढे उभे राहून त्यातले गुणदोष नावानिशी सांगितले, तर त्याला किती खर्च येणार आहे? असे वर्षभर चालले, तर त्या वस्तीत चित्राविषयी बोलणारी पन्नास माणसे तयार होतील. हाती ब्रश घेऊन एकट्याने झगडणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

आणि सुरुवात तर घरातूनही करता येते. मुलगी चित्र काढून आई-वडिलांपुढे धरते, तेव्हा ‘छान’ म्हणून ते बाजूला ठेवण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा, ‘यात उजेड कोणत्या बाजूने येतो आहे गं?’ ती क्षणभर विचारात पडेल, चित्राकडे पुन्हा पाहील आणि बहुधा पेन्सिल उचलून सावली कोठे पडेल ते शोधू लागेल.