चिमणीपुरता कायदा पुरत नाही

हवेत सोडल्या जाणाऱ्या प्रदूषकांना देशभरासाठी एकूण मर्यादा घालणारा कायदा हवा म्हटले की पहिले उत्तर ठरलेले असते: मानके आहेत की! आहेत खरी. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये ठरवलेली मानके चिमणीतल्या दर घनमीटर वायूत किती मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड चालेल ते सांगतात. सगळ्या चिमण्यांनी मिळून वर्षाला किती टन ओकावे, याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे प्रत्येक केंद्राने नियम पाळला तरी नव्या केंद्रांमुळे देशाची बेरीज वाढू शकते. त्यातही मानके पाळण्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत पुढेपुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना सल्फर डायऑक्साइडच्या अटीतून सूटच मिळाली. हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच सापडतो, हे तिचे समर्थन. पण हा वायू वायूरूपात फार काळ टिकत नाही. हवेत ऑक्सिडीकरण आणि मग अमोनियाशी संयोग होऊन त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या आसपास वायू कमी भरला, एवढ्यावर निर्धास्त कसे व्हायचे? सूट देताना चिमणीच्या उंचीची अट मात्र कायम ठेवली. म्हणजे उंच चिमणीमुळे जवळच्यांना दिलासा, लांबच्यांनी आपले पाहून घ्यावे.

एकूण मर्यादेने उद्योग बुडतील, ही भीतीही पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फरवर राष्ट्रीय मर्यादा घातली, टनागणिक परवाने दिले, जास्त सोडणाऱ्याला जबर दंड लावला. उत्सर्जन घटले आणि खर्च अंदाजापेक्षा बराच कमी आला. युरोपीय संघाने २००१ मध्ये देशवार मर्यादा आखल्या आणि २०१६ मध्ये त्या आणखी कडक केल्या. ‘ते श्रीमंत देश’ म्हणणाऱ्यांनी सुरत पाहावी. तिथे २०१९ पासून शेकडो कारखान्यांच्या धुरातल्या कणांवर एकत्रित मर्यादा आहे. बॉयलरच्या चिमणीवर सतत मोजणारे यंत्र, जवळ परवाने कमी पडले तर बाजारातून विकत घ्यायचे, नाहीतर अनामत रकमेतून भरपाई कापली जाणार. योजनेतल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्के घटले. एक शहर म्हणजे देश नव्हे, हे मान्य. शेतातल्या अमोनियाला तर चिमणीच नसते. युरोपही तिथेच अडखळतो. म्हणून सुरुवात वीजकेंद्रांपासून व्हावी: ती मोजकी आहेत, मोठी आहेत आणि त्यांतली बरीच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत बसत नाहीत. १९८१ च्या हवा कायद्यात दुरुस्ती करून राज्यवार टनांचे आकडे आणि वर्षागणिक उतरता क्रम घालावा. आकडा ओलांडला तर सरकारला मुदतवाढीची अधिसूचना काढून सुटता येऊ नये. संसदेत येऊन कायदाच बदलावा लागावा.