वह्या वाटून झाल्या, पुढच्या शनिवारी कोण येणार?

जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्याकडे वाटपाचा सीझन सुरू होतो. रोटरॅक्ट, लायन्स, गल्लीतलं गणेश मंडळ, कॉलेजचं एनएसएस युनिट, सगळेच झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेत पोचतात. वह्या, दप्तरं, रेनकोट. बॅनर लागतो, पाहुण्यांची भाषणं होतात, मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतो. संध्याकाळपर्यंत रीलही पडते.

यात वाईट काही नाही. ज्या घरात दोन मुलांच्या वह्यांचा खर्च जड जातो, तिथे डझनभर वह्या म्हणजे मोठा आधार असतो. पण प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. त्या वहीत मूल काय लिहितंय, हे बघायला आपल्यापैकी कोणी परत जातं का?

परत जाण्याने काय होतं, हे पोलिओने दाखवलंय. रोटरीने १९८५ मध्ये जगभरासाठी ‘पोलिओप्लस’ कार्यक्रम हाती घेतला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मोहीम सरकारची होती. आशा आणि अंगणवाडी ताई, स्वयंसेवक आणि क्लबांचे सदस्य बूथवर बसत, घरोघर फिरत. रविवारी बूथवर डोस दिला की काम संपत नसे. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवर शाईची खूण व्हायची. पुढचे काही दिवस पथकं दारोदार जायची. मूल सुटलेल्या घरावर ‘एक्स’ लिहायचं आणि त्याच दारात पुन्हा उभं राहायचं. देशातली शेवटची पोलिओ केस जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कोण सुटलं याची नोंद ठेवली, म्हणून हे जमलं.

आपल्या उपक्रमांत ही ‘एक्स’ची नोंद कुठे असते? नेत्रतपासणी शिबिराचंच घ्या. अडीचशे मुलं तपासली, बातमी झाली. त्यातल्या किती जणांना चष्मा लागला, तो कोणी आणून दिला, आणि तीन महिन्यांनी तो डोळ्यांवर आहे की दप्तरात मोडून पडलाय? खरं काम इथून पुढे आहे.

वाचनाचंही तसंच. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होतं. ही दरी वह्यांनी भरत नाही. त्याच मुलाशेजारी त्याच ताईने किंवा दादाने दर आठवड्याला बसावं लागतं. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास असतात. परीक्षा-सुट्ट्या वगळून ४० आठवडे धरले, तर आठवड्याला तीन तास. एवढा वेळ आपण कट्ट्यावर सहज घालवतो.

आता फोटोचं. बालगृहात वाढदिवस साजरा करून मुलांचे चेहरे स्टोरीला टाकणं ही फक्त अभिरुचीची गोष्ट नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपला लहान भाऊ हात पसरून रांगेत उभा असलेला फोटो कोणी व्हायरल केला, तर आपल्याला चालेल?

क्लबवाले म्हणतील, फोटो नसेल तर देणगीदार पुढच्या वर्षी पैसे देत नाहीत. अडचण खरी आहे. मग पुस्तकांनी भरलेल्या कपाटाचा फोटो द्या. जूनमध्ये किती मुलं अडखळत वाचत होती आणि फेब्रुवारीत किती वाचतात, याचा एक पानी हिशेब द्या. देणगीदाराला तो कळतो.

म्हणून या वर्षी क्लबच्या पहिल्या मीटिंगमध्ये तीन प्रश्न विचारा. शाळेला नेमकं काय हवंय, हे मुख्याध्यापकांना आणि मुलांना विचारलं का? पुढचे सहा महिने दर शनिवारी कोण जाणार, त्यांची नावं लिहिली का? आणि आपण थांबणार तेव्हा मुलांना आधी सांगणार कोण? हा तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही. परीक्षा आली की आपण ग्रुप म्यूट करतो. मुलं मात्र शनिवारी व्हरांड्यात बसून राहतात.

दहाच शनिवार जमणार असतील, तर दहाच सांगा आणि दहाही पाळा. तेवढंही जमणार नसेल, तर वह्या शाळेच्या ऑफिसात ठेवून या. रांग नको, बॅनर नको.