पुढच्या वादळाआधी ग्रामसभा गाजवा

कोकणातल्या माझ्या बागायतदार बंधू-भगिनींनो, ३ जून २०२० ची दुपार आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. श्रीवर्धनची नावाजलेली रोठा सुपारी, आजोबांनी लावलेले माड, कर्ज काढून वाढवलेली आंब्याची कलमे उन्मळून पडली. घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले.

वादळ त्याच दिवशी पुढे सरकले, अंधार मात्र गावात मुक्कामाला राहिला. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडे. मोबाइलचे टॉवर बंद, त्यात कोरोनाची टाळेबंदी; आईबापाची खुशाली मुंबईतल्या लेकाला कळेना. इतर जिल्ह्यांतून आलेले महावितरणचे कर्मचारी भर पावसात खांबांवर चढले. गावकऱ्यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावला. त्या कष्टांचे मोल मोठे आहे. पण वर्ष सरण्याआधीच, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले आणि पुन्हा तारा तुटल्या. दर वेळी नव्याने खांब उभारायचे आणि पुढच्या वाऱ्याची वाट पाहायची, हे किती वर्षे चालवायचे?

भरपाईचेही तेच. निसर्गनंतर २०२० मध्ये सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण आपली वाडी गुंठ्यांत असते. माडाच्या सावलीत सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल. १० गुंठ्यांच्या अशा भरल्या वाडीला त्या हेक्टरी हिशेबाने जेमतेम ५ हजार रुपये आले, आणि सुपारीचे नवे रोप फळावर यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी बागायतदारांना लावून धरावी लागली. ती मागणी न्याय्यच होती. पण झाडांची नोंदच नसेल, तर ती मागायची कशाच्या आधारावर?

या सगळ्याचे उत्तर आपल्याच गावात, ग्रामसभेत आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जणांची, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. तेवढीही माणसे जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मूठभर माणसे गावाचे भवितव्य ठरवतात. तुमची रिकामी खुर्ची हीच त्यांची ताकद आहे.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला घरटी सगळे मतदार या. त्याआधीच्या महिला सभेत बायाबापड्यांनी पाण्याचा प्रश्न आग्रहाने मांडावा. नळ कोरडे पडले की हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो. नळयोजनेच्या पंपाला सौरऊर्जेची जोड, गावठाणात भूमिगत वीजवाहिन्या, तारांवर झुकलेल्या फांद्यांची पावसाळ्यापूर्वी महावितरणकडून छाटणी, किनाऱ्यावर सुरूची लागवड आणि कांदळवनाचे रक्षण, असे ठराव नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या. ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका, आणि दर महिन्याला तिचा पाठपुरावा करा.

तरुणांनो, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून पिकांची नोंद करता येते. ज्यांना ते जमत नाही अशा म्हाताऱ्यांच्या वाडीत जा. माड, सुपारी, कलमे मोजा, फोटो काढा, सातबाऱ्यावर नोंद चढली की नाही ते पाहा. रस्ते मोकळे करायला करवती आणि दोर घेऊन तयार असलेले पथक प्रत्येक वाडीत उभे करा. चाकरमान्यांनो, मे महिन्यात गावी येताच. यंदा आंब्यांच्या पेट्यांबरोबर गावाच्या कामाची एक जबाबदारीही मुंबईला घेऊन जा.

अरबी समुद्रातली वादळे आपण थोपवू शकत नाही. पण त्यानंतर महिना महिना अंधारात बसणे हे काही नशिबात लिहिलेले नाही. उठा, सभेला चला, आणि आपला हक्क मागून नव्हे, ठराव करून घ्या!