फुकट मिळाली, पण सांभाळणार कोण?

शाळेच्या संकेतस्थळावर निकाल व सूचना टाकणाऱ्या कारकुनांना संगणकाची भाषा येत असेलच असे नाही. ते फक्त मजकूर टंकतात. तो साठवून त्याची पाने मांडण्याचे काम एक आज्ञावली करते. तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. २००१ साली खुली झालेली द्रुपल आणि २००३ साली आलेली वर्डप्रेस या अशाच दोन प्रणाली. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी. परवान्याचे शुल्क नाही.

‘मग घेऊन टाका, फुकटच आहे!’ असे आमच्या महाविद्यालयाच्या समितीत कोणी म्हटले, तेव्हा मी विरोध केला. प्रयोगशाळेसाठी तराजू घेताना आपण विचारतो ना, की बिघडला तर दुरुस्त कोण करील? तोच प्रश्न येथेही विचारायला हवा.

एक उदाहरण पाहा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल ७ मधील एक गंभीर दोष आणि त्याची दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. दुरुस्ती सर्वांना दिसते, तसे भोक कोठे होते हे चोरांनाही दिसते. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा गटाने बजावले : घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपले स्थळ फोडले गेले असेच धरून चालावे. आपल्या घड्याळात ते सात तास म्हणजे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार! त्या वेळी आपल्यापैकी कोण जागे असते?

मग बंदिस्त प्रणाली बरी काय? मला तसे वाटत नाही. तिच्यातही दोष असतात. फक्त ते आपल्याला तपासता येत नाहीत आणि दुरुस्तीसाठी एकाच कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २००९ साली द्रुपल स्वीकारली, २०१७ साली वर्डप्रेस. निवडीची ही मोकळीक मोलाची आहे.

तेव्हा मुक्तस्रोत जरूर निवडा. पण आधी तीन प्रश्न विचारा. दुरुस्ती कोण आणि किती वेळात करील? आपला मजकूर सहज बाहेर काढता येईल का? या आवृत्तीचा आधार केव्हा संपेल? २०११ साली आलेल्या द्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला.

शिक्षकहो, पुढच्या बैठकीत किंमत विचारण्यापूर्वी सांभाळणाऱ्याचे नाव विचारा. ते नाव कागदावर नसेल, तर निवड अजून झालेलीच नाही.