जुनी लादी नवी करण्याच्या नादात

गिरगाव, दादर, माटुंगा, पुण्यातल्या जुन्या पेठा, पणजीचं फोंताइन्यास. या भागांतल्या जुन्या घरांत नक्षीच्या सिमेंट लाद्या आजही पाहायला मिळतात. त्यांच्यावर तीन-तीन पिढ्या वावरल्या, पाट मांडले गेले, कपाटं सरकवली गेली, तरी नक्षी टिकली. अशी जमीन बहुधा दोन दिवसांत जाते. घरात लग्न ठरतं किंवा घर भाड्याने द्यायचं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘एकदा ॲसिड मारून पॉलिश करून घेऊ.’ वापराने या लाद्यांचं जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त त्या साफ करण्याच्या घाईने होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय हे नुकसान भरून येत नाही.

कारण लादीच्या घडणीतच आहे. ही लादी भट्टीत भाजलेली नसते. धातूच्या साच्याच्या कप्प्यांमध्ये पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचं मिश्रण हाताने ओततात. साचा अलगद उचलला की त्यावर कोरडं सिमेंट आणि वाळू-सिमेंटचा थर येतो. मग ती प्रेसखाली दाबतात आणि पाण्यात मुरू देतात. रंगाचा थर साधारण 3 ते 4 मिलिमीटरचा, त्याखाली सगळं करडं. हे करडं वर दिसू लागलं की कोणतंही पॉलिश नक्षी परत आणू शकत नाही.

पॉलिशवाल्याचं मशीन मात्र मोझॅकसाठी बनलेलं असतं. मोझॅकमध्ये दगडाच्या चिपा वरच्या जाड थरात खोलवर पसरलेल्या असतात. वरचं घासलं की खालच्या चिपा उघड्या पडतात आणि फरशी खरोखरच उजळते. तेच जाड दाण्याचे दगड लावून नक्षीची लादी घासली, तर खोलगट जागा सपाट करण्याच्या नादात उंचवट्यांवरचा रंग निघून जातो. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. समोर कोणती लादी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते.

ॲसिडचं प्रकरण याहून गंभीर आहे. लादीवर ॲसिड ओतलं की फसफसून फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, मळ निघतोय. प्रत्यक्षात सिमेंटमधला चुना आणि संगमरवराची पूड विरघळत असते. ओली असताना लादी झकास दिसते. वाळली की निस्तेज होते आणि हात फिरवला तर खरखरीत लागते. उघड्या पडलेल्या छिद्रांत मळ आता अधिक लवकर मुरतो, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा ॲसिड येतं. लिंबू आणि व्हिनेगर यांचा परिणाम मंद असला तरी दिशा तीच. ॲसिडच्या पाठोपाठ ब्लीच वापरणं तर जिवावर बेतू शकतं, कारण दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत उघड्या हातांनी हे काम करणाऱ्या माणसाचा विचार आपण सहसा करतच नाही.

ॲसिडनंतर येतो चकचकीत लेप. तळमजल्यावरच्या जुन्या जमिनी अनेकदा चुन्याच्या थरावर बसवलेल्या असतात. पावसाळ्यात जमिनीतली ओल लादीतून आणि सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते. वर पाणी न झिरपणारा लेप दिला की ती वाट बंद होते. मग लेपाखाली पांढरा खार साठतो, लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि कधी लादीचा पृष्ठभागही सोबत घेऊन जातो. कोकणात आणि मुंबईत हा धोका पत्करूच नये.

म्हणून आधी लादी ओळखावी. सुटलेली एखादी कोपऱ्यातली लादी उलटून पाहावी. करडी आणि वाळूसारखी दिसली तर सिमेंटची, तांबूस किंवा पिवळट मातीची असेल तर भाजलेली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या लाद्या आहेत, त्या या दुसऱ्या प्रकारच्या. भाजलेली लादी ॲसिडला फारशी दाद देत नाही, पण तिचे सांधे खाल्ले जातात.

सफाईची खरी रीत कंटाळवाणी आहे. आधी कोरडी रेती नीट झाडून काढायची, कारण पायाखालची रेतीच लादी झिजवते. मग सौम्य, आम्लही नाही आणि क्षारही नाही असा साबण, मऊ ब्रश, एका वेळी हातभर जागा, आणि मळकं पाणी वाळण्याआधी फडक्याने टिपणं. पहिला प्रयोग दारामागे करावा आणि ती जागा पूर्ण वाळेपर्यंत निर्णय घेऊ नये. देवघरासमोर समईच्या तेलाचा काळा डाग हमखास असतो. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये मुलतानी माती कालवून त्यावर जाड थर द्यावा, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवावा, मग उघडून वाळू द्यावा. समई अर्थातच दूर, खिडक्या उघड्या. डाग फिका होतो, पुसून जात नाही. तेवढ्यावर थांबावं.

पोकळ वाजणारी लादी पुन्हा बसवायची झाल्यास चुन्यातच बसवावी. नुसत्या सिमेंटमध्ये पक्की बसलेली लादी पुढे कधी काढावी लागली तर फुटूनच निघते. बदली लादी हवी असेल तर आधी कपाटाखाली, पलंगाखाली जुळती सापडते का ते बघावं. नवी करूनही मिळते. 1922 साली मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज आजही नक्षीच्या सिमेंट लाद्या बनवते. नळाच्या कामासाठी जमीन खोदली की तुकडे राडारोड्याच्या पोत्यात भरून खाली जातात, ते थांबवावं. रंग जुळवायला कारखान्याला फोटो पुरत नाही, लादीचा खरा तुकडाच लागतो.