एकाग्रतेची गोळी आणि मनाचा लगाम



सहामाही परीक्षेच्या आधी एका पालकांनी आम्हांला विचारले, "सर, एकाग्रता वाढवणारी गोळी मिळते म्हणे. मुलाला देऊन पाहू का?" त्याच आठवड्यात दहावीच्या दोन-तीन दप्तरांत एनर्जी ड्रिंकचे डबे सापडले. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

ही गोष्ट नवी नाही. १९३७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. अशा औषधाने चुळबुळी मुले आणखी उड्या मारतील असेच कोणालाही वाटेल. पण त्यांतली बरीच मुले शांत झाली, अभ्यासात रमली.

असे का व्हावे? आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, तो "थांब, आधी विचार कर" असे सांगतो. डोपामिन व नॉरॲड्रेनालिन ही रसायने योग्य प्रमाणात असली की त्याचे काम नीट चालते. एडीएचडी असलेल्या मुलांत हा लगाम सैल असतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या अल्प मात्रेत मिथाइलफेनिडेटसारखे औषध तो घट्ट करण्यास मदत करते. मात्रा वाढली की मात्र परिणाम उलटतो. पोह्यांत मीठ कमी पडले तर चव नाही आणि मूठभर पडले तर घास उतरत नाही, तसेच हे. कोकेन, मेथॅम्फेटामाइन यांच्या व्यसनात तर हाच लगाम तुटत जातो. नुकसान दिसत असूनही माणूस थांबू शकत नाही.

तेव्हा त्या पालकांना आमचे उत्तर 'नाही' असेच होते. निरोगी मुलाला अशी गोळी हुशार करत नाही. त्याची झोप व भूक मात्र जाऊ शकते, छातीत धडधडू शकते. हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते व डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेणे गुन्हा आहे. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर लहान मुलांसाठी नाही असे छापलेलेच असते. फक्त वाचायला हवे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'संयम' हा शब्द आम्ही नैतिक शिक्षणाच्या तासाला शिकलो. त्यामुळे संयम नाही म्हणजे संस्कार नाहीत, असेच आम्ही मानत आलो. अनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडायचा. आम्ही त्याला कितीदा वर्गाबाहेर उभे केले असेल! त्याने नववीत शाळा सोडली. त्याला काही त्रास आहे का, हे आम्ही कधी विचारलेच नाही. ती चूक आमची होती.

म्हणून काही गोष्टी ठरवू या. शिक्षकांनी कोणत्याही मुलाला रोगाचे नाव चिकटवू नये. जे दिसते ते लिहून पालकांना दाखवावे. पालकांनी राग न मानता बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. डॉक्टरांनी औषध दिलेच तर त्याची लाज बाळगू नये व ते मनाने बंदही करू नये. विश्वस्तांना विनंती की, शाळेच्या कँटीनमध्ये एनर्जी ड्रिंक येऊ देऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशकांची सोय करावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मित्राची गोळी कधीही घेऊ नका, आपली कोणाला देऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून वेळेवर झोपा. वर्गात एखादा सतत चुळबुळ करत असेल तर त्याला हसू नका. कदाचित स्वतःला आवरण्यासाठी तो तुमच्यापेक्षा दुप्पट कष्ट करत असेल.