पीजचे दूरदर्शन केंद्र

आपल्या वडोदऱ्याहून आणंद ओलांडून नडियादकडे गेले की जवळच पीज नावाचे गाव आहे. १९७५ साली तेथे अवघ्या १ किलोवॅट शक्तीचा दूरदर्शन प्रक्षेपक उभा राहिला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचा हा उपक्रम. खेडा जिल्ह्यातील सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच ठेवले होते, पुष्कळ ठिकाणी दूध मंडळीच्या आवारातच. कार्यक्रम तिकडच्या बोलीतले. जाहिरातींचे नाव नाही. ‘दाद फरियाद’मध्ये तर गावकरी आपले गाऱ्हाणे पडद्यावर मांडीत आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागे. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नाटके काय, पुढे पुष्कळ आली!

१९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनाबद्दल युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ मध्ये, लोकांचा विरोध असताही, केंद्र बंद झाले. मोठी केंद्रे आली, आता लहान कशाला, हा हिशेब मला पटत नाही. दिल्लीचे चित्र खेड्यात पोचले. खेड्याचे गाऱ्हाणे दिल्लीच्या पडद्यावर कसे पोचावे? परमुलखात पिढ्यानुपिढ्या घरची बोली सांभाळणाऱ्या आपणांस हे उमजण्यासारखे आहे. त्या कार्यक्रमांच्या ज्या फिती उरल्या असतील त्या मिळवून आपल्या विद्यापीठाने एकदा वडोदरेकरांस दाखवाव्यात, अशी माझी सूचना आहे.